लहान अपघात व त्यानंतरचीं कर्तव्यें

मोठा अपघात झाला म्हणजे त्याची दखल घेण्यास सारा गांव जमतो. रुग्णवाहिका येते, पोलीस येतात, वर्तमानपत्रांत चार ओळी छापून येतात, व पुढें काय करावें हें सांगणारीं दहा माणसें भोंवतीं उभीं राहतात. लहान अपघाताचें तसें नाहीं. कोणी सायकलीवरून पडतो, कोणाचें कोपर खरचटतें, गाडीच्या दिव्याची कांच फुटते, "फार लागलें नाहीं ना? मग झालें तर," असें म्हणून जो तो आपल्या वाटेनें जातो. परंतु कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षें चालणाऱ्या कित्येक तंट्यांचा उगम अशाच एखाद्या "फार लागलें नाहीं" मध्यें असतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पायीं येतात, कोणी सायकलीनें येतात, व वरच्या वर्गांतील कांहींना घरची मोटार अगर स्कूटर चालवून पाहण्याचा मोह आवरत नाहीं. यास्तव अशा लहान अपघातांत कोणास इजा झाली असतां भरपाईचा प्रश्न कसा उद्भवतो, कायदा काय सांगतो, आणि विद्यार्थी व पालक या दोघांचेंहि कर्तव्य काय, याचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून एक प्रसंग कल्पूं. सतरा वर्षांचा एक मुलगा दिवाळीच्या सुट्टींत खुंटीवरची किल्ली काढून वडिलांची मोटार घेऊन निघाला. वळणावर गाडीचा धक्का एका दूधवाल्याच्या सायकलीस लागला. दूधवाला पडला, किटल्या लवंडल्या, तळहात खरचटला. परंतु तो आपला आपण उठून उभा राहिला. भेदरलेल्या मुलानें सांडलेल्या दुधाचे म्हणून त्याच्या हातावर पांचशें रुपये ठेविले, व दोघेहि आपआपल्या वाटेनें गेले. रात्रीं त्या माणसाचें मनगट सुजलें. सरकारी दवाखान्यांत क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तींत कांहींच दिसलें नाहीं. पण दुखणें थांबेना, म्हणून बारा दिवसांनीं पुन्हां तपासणी केली, तेव्हां मनगटांतील, आंगठ्याच्या मुळाशीं असलेलें एक लहानसें हाड मोडल्याचें आढळून आलें. हात सहा आठवडे प्लास्टरमध्यें राहिला. आतां पहांटे उठून धारा काढावयाच्या कोणीं, आणि दूध घरोघर पोंचवावयाचें कोणीं? पांचशें रुपयांत मिटला असें वाटलेला अपघात येथून पुढें खरा सुरू होतो.

यांतून पहिला धडा मिळतो तो वैद्यकीय आहे. पडल्याबरोबर माणूस घाबरलेला असतो. त्या भरांत वेदना जाणवत नाहीं, व लोकलज्जेमुळेंहि तो "मला कांहीं झालें नाहीं" असें म्हणून जातो. मनगटाच्या त्या हाडाचा भंग पहिल्या तपासणींत पुष्कळदां दिसत नाहीं, हें डॉक्टरांस चांगलें ठाऊक असतें, व म्हणूनच ते दहा-पंधरा दिवसांनीं पुन्हां बोलावितात. डोक्याच्या माराविषयीं तर अधिकच सावधगिरी पाहिजे. उलटी होणें, वाढती डोकेदुखी, गुंगी येणें, बोलण्यांत गोंधळ होणें, हीं लक्षणें कांहीं तासांनींहि दिसूं शकतात. यास्तव इजा कितीहि किरकोळ वाटो, त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें व अपघाताची हकीकत त्यांस खरी सांगावी. "जिन्यावरून पडलों" असें सांगून उपचार घेणारा विद्यार्थी, मार घरीं कळूं नये म्हणून खोटें बोलतो; परंतु पुढें हाच कागद त्याच्या हक्काच्या आड येतो.

दुसरा धडा कायद्याचा. १९८८ सालच्या मोटार वाहन कायद्यानें अपघातांत सांपडलेल्या गाडीच्या चालकावर कांहीं कर्तव्यें घातलीं आहेत. त्यानें थांबलें पाहिजे. आपलें व मालकाचें नांव-पत्ता मागणाऱ्यास दिला पाहिजे. जखमी माणसास वैद्यकीय मदत मिळेल अशी तजवीज केली पाहिजे. आणि जवळच्या पोलीस ठाण्यांत शक्य तितक्या लौकर, व कांहीं झालें तरी चोवीस तासांच्या आंत, खबर दिली पाहिजे. विमा कंपनीसहि लेखी कळविणें त्याच्यावर बंधनकारक आहे. आमच्या उदाहरणांतील मुलानें पांचशें रुपये दिले हें त्याच्या मनाच्या चांगुलपणाचें लक्षण मानलें तरी थांबण्यापलीकडे यांपैकीं एकहि कर्तव्य त्यानें पार पाडलें नाहीं. महाराष्ट्रांत रुग्णवाहिकेसाठीं १०८ व पोलिसांसाठीं ११२ हे क्रमांक प्रत्येक मुलास तोंडपाठ असावेत. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्र सरकारच्या योजनेप्रमाणें मोटार अपघातांतील जखमी माणसावर, नेमलेल्या रुग्णालयांत, सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांच्या मर्यादेंत, रोख पैसे न घेतां उपचार व्हावेत अशी सोय केलेली आहे. तसेंच, जखमीस मदत करणाऱ्या वाटसरूस कायद्यानें संरक्षण दिलें असून, त्याची इच्छा नसल्यास नांव सांगण्याची वा साक्ष देण्याची सक्ति त्याजवर करतां येत नाहीं. तेव्हां "नसती कटकट मागें लागेल" ही सबब आतां राहिलेली नाहीं.

तिसरी गोष्ट पुराव्याची. भरपाई मागणाऱ्याचें म्हणणें कितीहि न्याय्य असलें तरी त्यास आधार लागतो. गाडीचा क्रमांक, जागेचीं छायाचित्रें, पाहणाऱ्या दोन माणसांचीं नांवें, पोलिसांतील नोंदीची प्रत, दवाखान्याचा केसपेपर, औषधांच्या पावत्या, रिक्षाचें भाडें, हें सर्व एका पाकिटांत तारीखवार ठेवावें. बुडालेली मजुरी सिद्ध करण्यासाठीं डेअरीचें पुस्तक, बँकेचें खातें अथवा मालकाचा दाखला उपयोगीं पडतो. आमच्या दूधवाल्याजवळ डेअरीचें पुस्तक असेल, तर त्यांतील कोऱ्या राहिलेल्या बेचाळीस दिवसांच्या रकान्यांइतकी बोलकी साक्ष दुसरी नाहीं.

आतां भरपाई म्हणजे काय तें पाहूं. ती शिक्षा नव्हे, बक्षीसहि नव्हे. पैशानें शक्य आहे तितक्या प्रमाणांत जखमी माणसास अपघातापूर्वींच्या स्थितींत नेऊन ठेवणें हा तिचा हेतु आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं एका निकालांत तिचीं अंगें स्पष्ट करून सांगितलीं आहेत: उपचार, औषधें, प्रवास व सकस आहार यांचा खर्च, उपचाराच्या काळांत बुडालेली कमाई, कायमचें व्यंग राहिल्यास पुढील कमाईंत येणारी तूट, पुढें लागणाऱ्या उपचाराचा खर्च, आणि सोसलेल्या वेदनांबद्दल योग्य रक्कम. साध्या दुखापतींत यांपैकीं पहिल्या दोन बाबी व वेदनेबद्दलची रक्कम यांचाच मुख्यतः विचार होतो. दूधवाल्याची रोजची निव्वळ कमाई पांचशें रुपये धरली, तर बेचाळीस दिवसांचे एकवीस हजार रुपये होतात. बदली माणूस ठेवावा लागला असल्यास हिशेब निराळा मांडावा लागेल. आणि औषधोपचार वेगळाच. त्या वळणावर दिलेले पांचशें रुपये व हा आंकडा यांतील अंतर पालकांनीं एकदां कागदावर मांडून पाहावें.

येथें एक गोष्ट पुष्कळांस आश्चर्याची वाटेल. व्यवहारांत आपण ज्यास "किरकोळ" म्हणतों तें कायद्याच्या दृष्टीनें नेहमींच किरकोळ नसतें. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत, व तत्पूर्वींच्या दंडसंहितेंतहि, हाड अगर दांत मोडणें किंवा निखळणें ही "गंभीर दुखापत" गणली आहे. मग तें हाड बोराएवढें कां असेना! याचा परिणाम मोठा आहे. मोटार वाहन कायद्यांत २०१९ सालीं झालेल्या व १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीप्रमाणें, गंभीर दुखापत झालेल्यास अडीच लाख रुपये व मृत्यु झाल्यास वारसांस पांच लाख रुपये, चूक कोणाची हें सिद्ध न करतां, गाडीचा मालक अथवा विमा कंपनी यांजकडून मागतां येतात. केवळ खरचटणें, मुका मार अशी साधी इजा असेल तर हा मार्ग खुला नाहीं; तेथें चालकाचा निष्काळजीपणा दाखवून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें अर्ज करावा लागतो. गंभीर दुखापतींतहि हा दुसरा मार्ग धरतां येतो, व नुकसान मोठें असेल तर तोच हितावह ठरतो. मात्र ठराविक रक्कम एकदां स्वीकारली म्हणजे न्यायाधिकरणापुढील अर्ज संपुष्टांत येतो. यास्तव कोणता मार्ग घ्यावा हें घाईनें ठरवूं नये.

न्यायाधिकरण जिल्ह्याच्या न्यायालयांत असतें. अपघात जेथें घडला तेथें, किंवा अर्जदार जेथें राहतो तेथें, किंवा प्रतिपक्ष राहतो तेथें अर्ज देतां येतो. गरीब माणसास दूरच्या गांवीं खेपा घालाव्या लागूं नयेत म्हणून ही सवलत आहे. अर्जासाठीं अपघातापासून सहा महिन्यांची मुदत कायद्यांत घातली आहे. ती उलटूं न देणें हेंच शहाणपणाचें. पोलिसांनीं अपघाताचा अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवावयाचा असतो व तोहि अर्ज म्हणून धरला जातो. पोलिसांत वेळेवर खबर देण्याचें महत्त्व यावरून ध्यानांत येईल. विमा कंपनीनें नेमलेला अधिकारी न्यायाधिकरणापुढें तडजोडीची रक्कम सुचवूं शकतो. ती पटल्यास तशी नोंद होऊन पैसे मिळतात. न पटल्यास चौकशी पुढें चालते. जेथें अर्जदाराचीहि कांहीं चूक असेल, उदाहरणार्थ तो रस्त्याच्या भलत्या बाजूनें येत असेल, तेथें त्या प्रमाणांत रक्कम कमी होते.

तडजोडीविषयीं दोन शब्द. आपसांत मिटविणें वाईट नाहीं. शेजारधर्म त्यानेंच टिकतो. परंतु जखम काय आहे हें कळण्यापूर्वींच मिटविणें हें आंधळेपणाचें आहे. चहाच्या टपरीवर शंभर रुपयांच्या स्टँपपेपरावर "आमची कांहीं तक्रार नाहीं" असें लिहून घेण्याची रीत सर्वत्र दिसते. निरक्षर मजुराचा अशा कागदावर आंगठा घेणाऱ्या सुशिक्षित माणसानें आपल्या शिक्षणास बट्टा लावला असेंच आम्ही म्हणूं. जखमी मुलगा अज्ञान असेल तर त्याच्या सहीस किंमतच नाहीं. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणें अज्ञान व्यक्तीस करार करतां येत नाहीं. न्यायालयांत चाललेल्या प्रकरणांत पालकानें मुलाच्या वतीनें तडजोड करावयाची झाल्यास तीस न्यायालयाची परवानगी लागते. ज्यांस खरोखर सामोपचार पाहिजे त्यांच्यासाठीं लोकअदालत हा उत्तम मार्ग होय. तेथें झालेला निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो व त्यावर अपील नाहीं. स्त्रिया व मुलें यांना, मिळकत कितीहि असो, १९८७ च्या कायद्याखालीं विधि सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. मग रुग्णालयाच्या दारांत भेटून "मिळेल त्यांतला तिसरा हिस्सा माझा" म्हणणाऱ्या मध्यस्थाच्या मागें जाण्याचें कारण काय? निकालाच्या रकमेंत हिस्सा ठरविण्यास वकिलांच्या नियमांनींच मनाई केलेली आहे.

आतां विषयाच्या मर्माकडे वळूं. चालक स्वतः अल्पवयी असला म्हणजे काय? अठरा वर्षें पूर्ण झाल्यावांचून मोटार चालवितां येत नाहीं. सोळा वर्षांनंतर पन्नास सीसीपर्यंतची दुचाकी परवान्यानें चालविण्याची मुभा आहे खरी; परंतु रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेक पेट्रोलच्या स्कूटरींचें इंजिन शंभर सीसीहून मोठें असतें. १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९-अ प्रमाणें अल्पवयी मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालक अगर गाडीचा मालक दोषी मानला जातो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठीं रद्द. आणि मुलास पंचवीस वर्षांचा होईपर्यंत परवाना नाहीं. "हें माझ्या नकळत घडलें," किंवा "मी योग्य ती खबरदारी घेतली होती," हें सिद्ध करण्याचा भार पालकावर आहे. मुलाचें प्रकरण बाल न्याय मंडळापुढें जातें. १९ मे २०२४ रोजीं पुण्यांत कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या गाडीखालीं दोन तरुण जिवांचा अंत झाला, तेव्हां हें कलम सर्वतोमुखीं झालें. परंतु तें केवळ श्रीमंतांच्या भारी गाड्यांसाठीं नाहीं. खुंटीवरच्या किल्लीसहि तें तितकेंच लागू आहे.

भरपाईचें काय? गाडीचा विमा आहे, कंपनी देईल, अशा भ्रमांत पुष्कळ पालक असतात. परवाना नसलेल्या चालकाच्या बाबतींत कंपनीस हरकत घेण्याचा हक्क आहे. २००४ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनीं या विषयाचा सविस्तर विचार केला असून, कंपनीनें आधीं जखमीस पैसे द्यावेत व मग मालकाकडून वसूल करावेत, असा हुकूम अनेक खटल्यांत होतो. कांहीं खटल्यांत कंपनीस जबाबदारींतून मुक्तहि केलें आहे. दोहोंचा अर्थ एकच: ओझें अखेर घरावर येतें. २०११ सालच्या एका निकालांत तर मालकाचें म्हणणें असें होतें कीं नात्यांतील अल्पवयी मुलानें न विचारतां किल्ली नेली. न्यायालयानें तें मानलें नाहीं. आपल्या गाडीचा गैरवापर, तोहि परवाना नसलेल्या अल्पवयी मुलाकडून, होऊं न देणें ही मालकाचीच जबाबदारी आहे असें ठरविलें.

येथेंच घरांत मोह शिरतो. "गाडी मीच चालवीत होतों असें सांगतों," असें वडील म्हणतात; आई मान डोलावते; शेजारी म्हणतो, "सगळे असेंच करतात." मुलावरील प्रेमापोटीं हें सुचतें हें आम्ही जाणतों, व त्या बापाचा धिक्कार करण्याचें आमच्या मनांत नाहीं. परंतु विचार करावा. पाहणारे लोक असतात, रस्त्यावर कॅमेरे असतात, विमा कंपनीचा तपासनीस प्रश्न विचारतो. खोटें उघडकीस आलें कीं लहान गुन्ह्याच्या जागीं मोठा गुन्हा उभा राहतो व जखमी माणसाची भरपाई मध्येंच अडकते. तें कधींच उघडकीस आलें नाहीं असें धरलें, तरी मुलास काय शिक्षण मिळालें? आपल्या कृत्याची किंमत दुसऱ्यानें द्यावयाची असते, हेंच ना? शाळेंत आम्हीं दहा वर्षें जें शिकविलें तें एका संध्याकाळीं पुसून जातें. त्यापेक्षां पालकांनीं मुलास बरोबर घेऊन जखमीच्या घरीं जावें, मुलाच्या तोंडून झालेली गोष्ट सांगवावी, उपचाराची चौकशी करावी, व पोलिसांत खरी हकीकत द्यावी. पैशाच्या रकमेविषयीं मात्र तेथें बसून करार करूं नये. त्यासाठीं वकिलाचा व विमा कंपनीचा सल्ला घ्यावा. सहानुभूति दाखविणें निराळें व हिशेब मिटविणें निराळें. पहिल्यास क्षणाचाहि विलंब नको, दुसऱ्यास घाई नको.

याच्या उलट, आपलाच मुलगा वा मुलगी जखमी झाली असेल तर काय करावें? मुलाच्या वतीनें पालकानें अर्ज द्यावयाचा असतो. मिळालेली रक्कम बहुधा मुलाच्या नांवें बँकेंत ठेव म्हणून, तो सज्ञान होईपर्यंत, ठेवण्याचा हुकूम होतो. ती घराच्या खर्चासाठीं नसून मुलाची आहे हें ध्यानांत ठेवावें. शाळा किती दिवस बुडाली, परीक्षेस बसतां आलें कीं नाहीं, याचा दाखला शाळेकडून मागावा. परंतु जें नाहीं तें वाढवून सांगूं नये. बरा झालेला पाय तपासणीच्या दिवशीं लंगडत टाकावयास मुलास शिकविणें, आणि दोषी मुलास चालकाच्या जागेवरून लपविणें, हीं दोन्ही पापें एकाच जातीचीं आहेत.

शेवटीं वाचकांस एक लहानसें काम सांगतों. विद्यार्थिमित्रांनो, आज घरीं गेल्यावर गाडीच्या विम्याचा कागद काढून त्याची मुदत कोणत्या तारखेस संपते तें पाहा, व मुदत टळली असेल तर वडिलांस सांगा. तिऱ्हाइताच्या इजेसाठीं विमा उतरणें हें कायद्यानें सक्तीचें आहे. तो चुकविणें म्हणजे उद्यां आपल्या हातून पडणाऱ्या अनोळखी माणसाची भाकर आजच काढून घेणें होय. आणि पालकांनीं गाडीची किल्ली खुंटीवरून काढून आपल्या खिशांत ठेवावी. या दोन गोष्टींस पांच मिनिटेंहि लागणार नाहींत.